आपामॅडमचं तळं

ग्रामसभेत मी एकच वाक्य बोललो होतो. "तळ्याचं काम मॅडमच्याच मार्गदर्शनाखाली सुरू होतं." एवढं म्हणून मी खाली बसलो. वाक्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी कुणी ऐकलं असतं तर त्याला ते कौतुक वाटलं असतं. पण त्या दिवशी आमच्या गावचं तळं बेशरमीच्या झुडपांनी या काठापासून त्या काठापर्यंत बुजलेलं होतं, लोक चिडले होते, आणि हे कुणामुळं झालं असा प्रश्न सभेत विचारला गेला होता. ते माझ्यामुळं झालं होतं. माझ्या त्या वाक्यानं ते आपामॅडमच्या पदरात जाऊन पडलं.

त्यानंतर लातूरला मी कितीतरी वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं. त्यातली काही डॉक्टर झाली, भेटली की वाकून नमस्कार करतात. त्यांच्यासमोर मला अवघडल्यासारखं होतं. त्याचं कारण सांगायचं तर आधी आपामॅडम कोण होत्या ते सांगायला पाहिजे.

आमचं गाव चाकूर तालुक्यात. तिथल्या हायस्कुलात मी विज्ञान शिक्षक म्हणून लागलो तेव्हा मॅडम तिथं मुरलेल्या होत्या. नाव शेख मेहरुन्निसा. मोहल्ल्यातली मुलं त्यांना आपा म्हणायची, बाकीची मॅडम, आणि कधीतरी दोन्ही एक होऊन आपामॅडम झालं. हेडमास्तरही तेच म्हणत. वडिलांचं गावात कापडाचं दुकान होतं. यजमान लवकर गेले. मुलगी एकच, ती पुढं नांदेडला दिली. उंच बाई, चालताना छत्री काठीसारखी टेकवणार, आणि आवाज असा की वर्गाच्या शेवटच्या बाकावरचा मुलगा दचकून सरळ बसायचा.

त्यांचा एक शब्द शाळेत प्रसिद्ध होता. "मग?" मुलगा म्हणायचा, झाडं उन्हात अन्न तयार करतात. "मग?" मग त्याची साखर होते. "मग?" मग ती साखर खोडात जाते. "मग?" इथं मुलगा रडकुंडीला यायचा. पण त्या 'मग'मध्ये टोमणा नसे. त्यांना खरोखर पुढचं ऐकायचं असे, आणि पुढचं कुणाला येत नसलं की त्या मुलापेक्षा जास्त हिरमुसत. शिक्षकांच्या खोलीतही तेच. कुणी म्हणालं, सासूबाई आल्यात, तर मॅडम चहाचा कप हातात धरून विचारणार, "मग?" आणि मग सगळं घर बाहेर यायचं.

पर्समध्ये सुपारी, खडूचे तुकडे आणि कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं ब्लेड असे. त्या ब्लेडनं त्या दिसेल ते कापून आत बघायच्या. डब्यातली भेंडी, कुंपणाची काडी, वडाचं फळ. एकदा शाळेत सत्कार होता. हेडमास्तरांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हारातलं एक फूल अलगद ओढलं, व्यासपीठावरच उभं चिरलं आणि पुढच्या रांगेतल्या मुलांना दाखवायला लागल्या, की हे एक फूल न्हाई, आत बघा, प्रत्येक पाकळी वेगळं फूल हाय. पाहुण्यांचं भाषण तसंच राहिलं. हेडमास्तर म्हणाले, "आपामॅडम, निदान गळ्यातलं तरी सोडा."

बेशरमीशी त्यांची ओळख भूकंपात झाली. खरं तर ते झाड सगळ्यांच्याच ओळखीचं. कुणीतरी कधीतरी कुंपणाला लावलं, जनावर तोंड लावत नाही म्हणून टिकलं, आणि ओढ्यानं उतरत उतरत तळ्याच्या काठावर येऊन बसलं. जांभळट गुलाबी फुलं, पोकळ फोक, तोडलं की पांढरा चीक. त्याच्याकडं कुणी बघायचं नाही.

भूकंपात आमचं गाव पडलं नाही, पण भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा गेल्या. किल्लारीकडच्या बातम्या ऐकल्यावर दगडाच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, त्याखाली झोपायची कुणाची हिंमत नव्हती. सगळं गाव अंगणात आलं. लोकांनी तळ्यावरून बेशरमीचे फोक तोडून आणले, जमिनीत रोवले, वरून चिखल लिंपला आणि खोपटी उभी केली. मॅडमनीही केली. थंडी सरली आणि त्यांच्या खोपटाच्या भिंतीला चिखल फोडून पानं आली.

लोकांना त्याचं हसू आलं. मॅडम मात्र शाळा सुटली की त्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसायच्या. मी समोरच्या आळीत राहत होतो. मला हाक मारून त्यांनी भिंत दाखवली. म्हणाल्या, "मास्तर, हे उलटं रोवलेलं हाय बघा. शेंडा खाली, बूड वर. तरी फुटून राहिलंय." मी म्हणालो, चिवट झाड आहे. त्या म्हणाल्या, "चिवट तर हाय. मग?" लोक आपापल्या घरात परत गेले तरी त्यांनी ते खोपट मोडलं नाही. भिंत फुलावर येईपर्यंत ठेवली. सकाळी दुधाला जाणारी माणसं थांबून ती जांभळी भिंत बघायची.

मग शेळीचं प्रकरण झालं. घाटावर गावाची धुणी धुणारी धोंडाबाई मॅडमच्या शेजारी राहायची. तिची शेळी वाळत चालली होती आणि चालताना झोकांड्या खायची. मॅडम एका रविवारी भर उन्हात छत्री घेऊन त्या शेळीच्या मागं फिरल्या. शेळी कडब्याला हुंगायची आणि सोडून द्यायची, पण तळ्यावर जाऊन बेशरमीचा पाला खायची. जनावर तोंड लावत नाही हा गावाचा समज होता. मॅडमनी शेळी आपल्या दारात बांधून घातली आणि पुढं कडबा टाकला. शेळीनं गल्ली डोक्यावर घेतली.

"दारू सुटल्यावाणी करून राहिली," मॅडम म्हणाल्या.

धोंडाबाई म्हणाली, "मग आमच्या मालकाला बी हितंच बांधा की, मॅडम."

"आणा. पण कडबा खावा लागंल."

शेळी सुधारली. मालकाचं मला माहीत नाही.

धोंडाबाईमुळंच तळ्याचं काम सुरू झालं. बेशरम वाढत वाढत घाटावर आली होती. धुण्याचे दगड तिच्याखाली गेले. बायकांना पलीकडच्या खोल अंगाला जावं लागायचं, तिथं शेवाळावरून एक जण घसरून पडली होती. झुडपात विरुळे, म्हणजे पाण्यातले बिनविषारी साप असायचे, कधी कधी विषारीही. धोंडाबाईचं सगळं पोट त्या घाटावर. मॅडमनी सरपंचांना जाऊन सांगितलं, घाट मी मोकळा करते, फक्त मला माझ्या पद्धतीनं करू द्या. सरपंचांना त्यात खर्च दिसला नाही, ते हो म्हणाले.

त्यांची पद्धत लोकांच्या चेष्टेचा विषय होती. काम फक्त उन्हाळ्यात, पाणी मागं सरल्यावर. सुरुवात ओढा तळ्याला मिळतो तिथून, कारण वरचं राहिलं तर खाली वाहून येणार. मुळासकट कुदळीनं उपटायचं, विळा लावायचाच नाही. उपटलेलं झाड ओढत न्यायचं नाही, टोपल्यात घालून न्यायचं, वाटेत तुकडा पडला तर मागं फिरून उचलायचा. सगळं काळ्या खडकावर पसरायचं, मातीला टेकू द्यायचं नाही, आणि वाळेपर्यंत उलटंपालटं करायचं. सलवारीवर जावयाचा जुना शर्ट, कमरेला ओढणी करकचून बांधलेली, पायात गमबूट, अशा मॅडम एक फोक उचलून कानाजवळ नेऊन वाकवायच्या. तो नुसता वाकला तर परत खडकावर. कट् आवाज आला तरच वीटभट्टीवाल्याला द्यायचा. "वाजलं पाहिजे," म्हणायच्या. "वाकतंय म्हणजे जित्तं हाय." धोंडाबाई आणि आणखी दोघी बायका सोबत असत. एका उन्हाळ्यात जेमतेम बैलगाडी उभी राहील एवढी जागा मोकळी व्हायची. पण मोकळी झालेली जागा पावसाळ्यानंतरही मोकळीच राहायची. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की काम फार हळू चाललंय.

त्याच सुमारास मी नोकरी सोडली. लातूरला क्लासेसचे दिवस आले होते. गल्लोगल्ली गुणवंतांच्या फोटोंच्या पाट्या, घरमालकांनी गच्चीवर पत्रे टाकून मुलांसाठी लावलेल्या खाटा, पहाटेपासून सायकलींची रांग. मी बायोलॉजीचा क्लास काढला. उत्तर चारातलं एक असायचं आणि ते मुलांच्या हाताला न बघता सापडलं पाहिजे, हे माझं कौशल्य. सुरुवातीला मी मॅडमना एकदा पाहुण्या म्हणून बोलावलं. हॉल भरलेला. विषय, खोडाच्या तुकड्यापासून नवीन झाड. मी मुलांकडून उदाहरणं पाठ करून घेतली होती, ऊस आणि गुलाब. मॅडमनी पर्समधून फोक काढला, ब्लेडनं तुकडे केले, पहिल्या बाकावर ठेवले आणि विचारलं, "हे लावून बघितलेलं कोण हाय इथं?" कुणीच नव्हतं. "मग तुम्हाला कसं म्हाईत, येतंय म्हणून?" मुलं माझ्याकडं बघायला लागली. तासभर त्या एकाच प्रश्नावर होत्या. मी मागं उभा राहून घड्याळ बघत होतो. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, की पोरं हुशार हायत, पण कुणी काही विचारून नाही राहिलं. मी त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस मॅडमच्या मुलीचं बाळंतपण आलं. नांदेडची गाडी पकडायला त्या निघाल्या तेव्हा मी स्टँडवर भेटलो. मी त्यांना सांगितलं, क्लासची मुलं आणून तळ्यावर श्रमदान घ्यायचा विचार आहे. त्यांनी आभाळाकडं बघितलं. "या साली न्हाई, मास्तर. आभाळ भरून येऊन राहिलंय. तोडलेलं वाळणार न्हाई. मी आल्यावर बघू." मी मान हलवली. गाडी सुटली. मला वाटलं, बाईंना आपलं काम दुसऱ्यानं पुरं केलेलं नको आहे.

मी मुलं आणली. क्लासचा फलक, टोप्या, विळे, कोयते, फोटोवाला. मुलांनी फार मन लावून काम केलं, त्यांचा काही दोष नाही. एका दिवसात काठ सपाट झाला. तोडलेले फोक काही बांधावर रचले, बरेचसे मुलांनी गंमत म्हणून पाण्यात फेकले, कारण ते तरंगत लांब जायचे आणि कुणाचा पुढं जातो अशी शर्यत लागली होती. मी हसत होतो. जो धडा मी दरवर्षी शिकवायचो, ज्यातला प्रश्न परीक्षेत येणारच म्हणून सांगायचो, तो माझ्या डोळ्यांसमोर पाण्यावर तरंगत होता आणि मला दिसला नाही. धोंडाबाई लांब उभी होती. ती एवढंच म्हणाली, "वाळवायचं न्हाई का ओ सर?" मी म्हणालो, आता गरज नाही.

दोनच दिवसांनी मोठा पाऊस झाला आणि बांधावरचंही पाण्यात गेलं. दिवाळीपर्यंत तळ्याच्या ज्या अंगाला कधी बेशरम नव्हती तिथंही ती हिरवीगार उभी राहिली. मॅडमनी साफ केलेला घाट तर सगळ्यात आधी गेला. आमचा फोटो तोपर्यंत क्लासच्या माहितीपत्रकावर छापून झाला होता.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. एक जण म्हणाला, चांगलं गप पडलेलं झाड, त्याला डिवचायची सुरुवात कुणी केली? दुसरा म्हणाला, आपामॅडमच्या नादानं झालं. मॅडम नांदेडहून परतल्या होत्या, बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. श्रमदान गावानं बघितलं होतं, तरी कुणी माझं नाव घेतलं नाही, कारण माझा क्लास होता आणि त्यांची मुलं मोठी होत होती. सरपंचांनी माझ्याकडं बघून विचारलं, सर, तुम्ही सांगा. आणि मी ते वाक्य बोललो. मॅडमनी ओढणी डोक्यावर सारखी केली. "हाव. सुरू तर माझंच होतं," म्हणाल्या. सभेनं ठरवलं, यापुढं तळ्याला कुणी हात लावायचा नाही.

सभा उठल्यावर मी घाईनं निघालो होतो. मॅडम मागून आल्या. मला वाटलं आता बोलणार, आणि खरं सांगतो, त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "मास्तर, सगळ्यात लहान किती बोटांचा तुकडा रुजला, बघितलंत का?"

मी नाही म्हणालो.

"बघायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या, आणि छत्री टेकवत गेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्याकडून त्यांना तेवढंच हवं होतं आणि तेही माझ्याकडं नव्हतं.

घाट बुजला. धोंडाबाई लातूरला धुण्याभांड्याची कामं करायला गेली. मॅडम निवृत्त झाल्या आणि मुलीकडं नांदेडला राहायला गेल्या. जाताना मला निरोप दिला नाही. द्यावा असं मी काही केलंही नव्हतं.

यंदा गावाकडून कळलं की तळ्याचा प्रश्न पुन्हा निघाला आहे. नव्या सरपंचबाई उत्साही आहेत. जेसीबी लावून सगळी बेशरम एका झटक्यात काढायची, मृगाच्या आत काम संपवायचं, असं ठरत होतं. खरं तर त्याआधी वर्षभर मी एक काम करत होतो. क्लासच्या गच्चीवर कुंड्या ठेवून बेशरमीचे लहान लहान तुकडे लावत होतो. का करतो आहे ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. निरोप आला तसा मी नांदेडची गाडी धरली.

मुलीचं घर गोदावरीच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. मॅडम गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. थकल्या होत्या, पायाला सूज होती, पण आवाज तोच. मला बघून म्हणाल्या, "या मास्तर. इकडं बघा, नदीवर जलपर्णी आलीय. सकाळी त्या पुलाखाली असती, दुपारी इकडं. वाऱ्यावर जाऊन राहिली का धारेवर, ते कळंना." मी उभा राहून बघितलं. मलाही कळेना.

मग मी सांगितलं, "मॅडम, एक पेर असलं तरी पुरतं. पेराशिवायचा तुकडा कुजतो. दोन बोटांचा, पण मध्ये पेर असलेला रुजला."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. कुठल्या प्रश्नाचं उत्तर ते मला सांगावं लागलं नाही. "एका पेराचा? उभा लावला होता का आडवा?"

"उभा."

"आडवा?"

"आडवा लावून नाही बघितला."

"बघायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

येताना वाटेत गावात उतरून मी तळ्यावरून एक वाळका दिसणारा फोक पिशवीत आणला होता. तो त्यांच्या हातात देताना मला बोलायचं होतं ते बोललो. ग्रामसभेतलं वाक्य, श्रमदान, स्टँडवरचं त्यांचं सांगणं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे मला कशाला सांगून राहिलात? मी तर तिथंच होते. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगा." मग फोक कानाजवळ नेला आणि वाकवला. तो वाजला नाही, नुसता वाकला. त्यांनी तो मला परत दिला. जिना उतरून रस्त्यावर आलो तेव्हा वर बघितलं. त्या पुन्हा नदीकडं वळल्या होत्या, कठड्यावर हनुवटी टेकून.

ग्रामसभा आता पंचायतीच्या सभागृहात होते. खुर्च्या आहेत, पंखे आहेत. जेसीबीचा विषय निघाला तसा मी उठलो. म्हणालो, मागं तळं बुजलं ते माझ्यामुळं. पावसाच्या तोंडावर तोडू नका असं आपामॅडमनी मला सांगितलं होतं. त्या गावात नसताना मी पोरं आणून तोडलं, आणि मग सभेत त्यांच्यावर ढकललं. आता जेसीबीनं तुकडे केले तर तेच परत होईल.

मागून एका तरुण मुलानं विचारलं, "आपामॅडम कोण, सर?"

एवढंच बोलायचं ठरवून आलो होतो. खाली बसावं असं वाटलं, मागच्या सभेत बसलो होतो तसं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. धोंडाबाई आता लेकाकडं परत आली आहे, पार वाकली आहे. ती माझ्याकडं बघत होती.

"मग?" ती म्हणाली.

मी बसलो नाही. "मग मॅडमचं काम बंद पडलं. घाट गेला, धोंडाबाई, तुमचं पोट गेलं. मी लातूरला मोठा झालो आणि गप्प राहिलो. माझं चुकलं. मॅडमची आणि तुमची मी माफी मागतो. यंदा कुणी हात लावू नका. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी येतो, वरच्या अंगापासून उपटू. खडकावर पसरून वाळवायचं काम माझ्याकडं द्या."